प्रोजेक्टर पंचवीस मिनिटांत झोपतो आणि यात्रा नऊ दिवसांवर आलीय

घाटमाथ्यावरची बाई

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, विट्याहून एसटीनं पाऊण तास. गावातली निम्मी घरं गलाईवाल्यांची. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी कुणी कोईमतूरला, कुणी कोचीला, कुणी पार पाटण्याला. चैत्रातल्या यात्रेला सगळे गावी येतात, आणि चार दिवस गल्लीत सायकल घालायलाही जागा राहत नाही.

त्यातल्याच एकानं दिवाळीत शाळेला प्रोजेक्टर दिला. कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेला. "चालू आहे बाई, डोळे झाकून घ्या," म्हणाला. घेतला डोळे झाकून. खालच्या पट्टीवर थ्री-एलसीडी, उजेड २७०० लुमेन, चित्र १०२४ बाय ७६८ ठिपके असं लिहिलंय. कंपनीचं नाव घालत नाही, उगाच वाद.

यंदा सहावी-सातवीच्या पोरांनी आपापल्या आज्या-आजोबांना मोबाईलसमोर बसवलं. घरातून पहिल्यांदा कोण बाहेर पडलं, कुठल्या गाडीनं गेलं, तिकडे पहिला महिना काय खाल्लं, हे विचारलं. बावीस माणसं झाली. जोडून एक तास दहा मिनिटांचा व्हिडिओ बनलाय. यात्रा कमिटीनं देवळासमोरच्या पटांगणात साडेआठ ते दहा वेळ दिलीय, दहानंतर तमाशा. दहाला आमचं संपलं नाही तर काय होईल ते सांगायला नको.

आता रडगाणं ऐका. मशीन पंचवीस मिनिटं नीट चालतं. मग आतला पंखा जात्यासारखा घरघरतो, टेम्प लिहिलेल्या ठिकाणी नारिंगी दिवा लुकलुकतो आणि सगळं बंद. अर्ध्या तासानं परत लागतं. चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात हळदीचा हात पुसल्यासारखा पिवळा डाग आहे. चौकोन सरळ येत नाही, वर रुंद आणि खाली अरुंद, सुपासारखा. मुख्याध्यापकांचा लॅपटॉप लागतो, माझा लावला की "नो सिग्नल". लॅपटॉपला चार्जर जोडला की गावच्या ॲम्प्लिफायरमधून घूंऽऽ असा आवाज येतो तो वेगळाच.

विट्यात एका दुकानात नेला. त्यांनी न उघडताच "लॅम्प गेला, चार हजार" सांगितलं. लॅम्प गेला असेल तर पंचवीस मिनिटं उजेड कशाचा पडतो, हे विचारायचं तिथं सुचलं नाही, एसटीत बसल्यावर सुचलं.

आणि एक. आमचा भाग घाटमाथा. मेन्यूत "हाय अल्टिट्यूड मोड" असं काहीतरी दिसलं. ते चालू करायचं असतं का?

---

मिरज दुरुस्ती

मॅडम, मशीन उघडू नका आणि चार हजार देऊ नका. आधी एवढं सांगा: मशीन ठेवता कशावर? आणि वापर नसताना असतं कुठं?

टेम्पचा दिवा म्हणजे तापमान. लॅम्पचा दिवा वेगळा असतो, तो लागला असता तर गोष्ट निराळी. मशीन गरम होतंय आणि स्वतःला वाचवायला बंद पडतंय. म्हणजे त्याची अक्कल शाबूत आहे. हवा ओढायची जाळी बुजली असणार. बाजूला किंवा पोटाखाली जाळीचं झाकण असेल. मशीन बंद, पिन काढलेली, पूर्ण थंड झालेलं, अशा वेळी ते झाकण सरकवा. आत स्पंजसारखा किंवा कागदी घड्यांचा फिल्टर निघेल. मऊ ब्रशनं किंवा व्हॅक्यूमनं झाडा. धुवू नका. भोकात तोंडानं फुंकू नका, थुंकी आणि धूळ दोन्ही आत जातात.

मेन्यूत इन्फोमध्ये लॅम्प अवर्स दिसतील, तो आकडा कळवा.

पिवळ्या डागासाठी चार स्लाइड बनवा. एक पूर्ण पांढरी, एक लाल, एक हिरवी, एक निळी. प्रत्येक लावून कोपरा बघा. थ्री-एलसीडीत तीन रंगांचे तीन वेगळे पॅनेल असतात, त्यामुळे दुखणं कुठल्या वाटेवर आहे ते घरबसल्या कळतं. दुसऱ्या जातीचा, डीएलपी प्रोजेक्टर असता तर डाग नाही, चांदण्या पडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले असते. त्याच्या चिपवर लाखो बारीक आरसे असतात, ते अडकले की तसं होतं.

---

कोयनाकाठ

मॅम, जुन्या डब्याच्या मागे कशाला लागता? ऑनलाइन सहा-सात हजारात नवा अँड्रॉइड प्रोजेक्टर मिळतो. ९००० लुमेन, फोर-के सपोर्ट. वायफाय पण आहे.

तुमच्या लॅपटॉपचं उत्तर देतो: विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबा, "डुप्लिकेट" निवडा. तरीही नाही आलं तर प्रोजेक्टरच्या रिमोटवर "सोर्स" दाबून एचडीएमआय आणा. सरांचा लॅपटॉप जुना असेल, निळ्या पिनेच्या व्हीजीए केबलनं लावत असाल. तुमचा एचडीएमआयचा असणार आणि मशीन अजून व्हीजीएकडंच बघत बसलंय.

---

मिरज दुरुस्ती

कोयनाकाठ, लॅपटॉपचं बरोबर सांगितलंत. नव्या मशीनचं नको. खोक्यावरचे ९००० लुमेन आणि ठरलेल्या पद्धतीनं मोजलेले अन्सी लुमेन यांचा काही संबंध नसतो. तसल्या मशीनचे खरे दोन-तीनशे भरले तरी पुष्कळ. "फोर-के सपोर्ट" म्हणजे फोर-के फाइल आत घेतो एवढंच. भिंतीवर पाडतो ते त्याच्या स्वतःच्या पॅनेलचं, कधी १२८० बाय ७२०, कधी ८०० बाय ४८०. अंधाऱ्या खोलीत घरच्यांना ठीक आहे. पटांगणात त्याचा काजवा होईल.

---

रीळवाला, खटाव

बाई, रामराम. मी २६ वर्षं टुरिंग टॉकीजला ऑपरेटर होतो. पुसेगाव, म्हसवड, औंध, तुमच्या बाजूला आटपाडी, खरसुंडी. पावसाळा सोडून बाकी वर्षभर यात्रा-जत्राच. डिजिटल मला कळत नाही असं पोरगा म्हणतो. पण पडदा, उजेड आणि मधलं अंतर हे काही बदललेलं नाही.

पहिलं, तो सुपासारखा चौकोन. तुम्ही मशीन ठेंगण्या स्टुलावर ठेवून तोंड वर केलं असणार. उजेड तिरका गेला की वरचा भाग लांब पडतो आणि पसरतो. मेन्यूत कीस्टोन म्हणून असतं, त्यानं चौकोन सरळ दिसतो. पण ते चित्राच्या कडा आतून दाबतं. जितकं दाबाल तितकं चित्र बारीक आणि मऊ होतं, आणि सोडलेल्या जागेवर करडा उजेड सांडतो तो वेगळा. आम्ही ट्रक मागं-पुढं करून, चाकाखाली दगड घालून मशीन सरळ करत होतो. तुम्ही टेबलावर टेबल ठेवा. टेबलावर ठेवायच्या मशीनचा उजेड मुळातच थोडा वर जाईल असा बांधलेला असतो. म्हणून भिंग पडद्याच्या खालच्या कडेच्या उंचीला आणा, पुढचा पाय मुडपून मशीन समतल करा आणि डावी-उजवीकडं बरोबर मधोमध ठेवा. कीस्टोन शून्यावर. बघा चौकोन कसा येतो.

दुसरं पडद्याचं. यात्रा कमिटी तुम्हाला वीस फुटी पडदा लावा म्हणणार. म्हणजे म्हणणारच, मी कमिट्या बघितल्यात. ऐकू नका. हिशोब करा. तुमचे २७०० लुमेन नव्या लॅम्पचे. जुन्याचे निम्मे धरा, १३५०. वीस बाय पंधरा म्हणजे ३०० चौरस फूट, फुटाला साडेचार लुमेन आले. फिल्मच्या काळात थिएटरच्या पडद्यावर सोळाचं प्रमाण होतं. दहा बाय साडेसात लावलात तर ७५ चौरस फूट, फुटाला अठरा. दहा फुटाच्या पडद्यावर म्हातारीच्या सुरकुत्या दिसतील, वीस फुटाच्यावर ती म्हातारी आहे की म्हातारा ते पण कळणार नाही.

कापड एकेरी नको, उजेड आरपार जातो. दुहेरी पांढरं मांजरपाट, मधे शिवण आली तर आडवी चालेल, उभी नको, नेमकी माणसाच्या तोंडावर येते. चारी बाजूंनी दोरी ओवून ढोलासारखं ताणा. वाऱ्याला खालून पोती बांधा.

मोबाईलचं चित्र आडवं लांब असतं आणि तुमचं मशीन जुन्या चौकोनी मापाचं. वर-खाली करडे पट्टे उरतील. तिथं काळं कापड टाचा. आम्ही त्याला मास्किंग म्हणायचो. चित्र एकदम उठून दिसतं, कुणाला कळत नाही का ते.

तिसरं, किडे. चैत्रात पटांगणात भिंगासमोर किडा आला की पडद्यावर घारीएवढा दिसतो, आणि पंखा त्याला आत ओढतो. मशीनपासून तीस-चाळीस पावलांवर, पडद्याच्या बाजूला नाही, एक मोठा बल्ब चालू ठेवा. निम्मे तिकडं जातील.

आणि मशीनभोवती चार बांबू रोवून दोरी बांधा. दहा फूट चित्राला मशीन साधारण पंधरा-अठरा फुटांवर येईल, म्हणजे ऐन पब्लिकमध्ये. पोरं उजेडात हात घालून कुत्रा-ससा करणारच.

---

घाटमाथ्यावरची बाई

दादा, काका, दोघांनाही दंडवत. काय झालं ते सांगते, हसू नका.

मशीन घसरू नये म्हणून मी स्टुलावर सतरंजीची घडी घालत होते. वापर नसताना ते ऑफिसच्या कपाटात, खडूच्या खोक्यांच्या शेजारी. पोटाखाली जाळी आहे हे आज कळलं. सतरंजी नेमकी त्या जाळीला चिकटून. झाकण सरकवलं तर आत फिल्टर नव्हता, गोधडी होती. पांढरी, खडूची. सातवीच्या पोरींनी जुन्या रंगाच्या ब्रशनं झाडली, आमच्या बाकड्यावर ढिगारा झाला.

मग लाकडी फळीवर ठेवून लावलं. पन्नास मिनिटं चाललं! आणि परत बंद. मला रडूच आलं. पण दुपारी दोनची वेळ होती, आणि आमच्या सातवीच्या वर्गाला पत्रा आहे. बाहेर ३९ होतं, आत किती ते पोरांना विचारा.

लॅम्प अवर्स ३८७०. निळी स्लाइड लावली की तोच कोपरा काळपट. लाल आणि हिरवी स्वच्छ. विंडोज-पी नं माझा लॅपटॉप लागला, कोयनाकाठ, तुम्हाला पेढे.

पडद्यावरून कमिटीशी भांडण चालू आहे. अध्यक्ष म्हणतात शेजारच्या गावात पंचवीस फुटी होता. काकांचा हिशोब कागदावर मांडून दाखवला, तर म्हणाले "मग दोन मशिनी लावा की". आणि अल्टिट्यूडचं उत्तर राहिलंच.

---

मिरज दुरुस्ती

अल्टिट्यूडचं मी मुद्दाम ठेवलं होतं. तो मोड साधारण १५०० मीटरच्या वर लागतो, हवा विरळ असते म्हणून पंखा जास्त फिरवायचा. महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट १४३९ मीटर आहे. तिथं पण नाही लागत, तर तुमच्या घाटमाथ्याचं काय घेऊन बसलात! पण मॅडम, चालू कराच. तो मोड पंखा जोरात फिरवतो एवढंच करतो, आणि उन्हाळ्यात आपल्याला तेच पाहिजे. आवाज वाढेल, पटांगणात कुणाला ऐकू येणार नाही.

बहुतेक मशीनच्या माहितीपुस्तकात वापरायचं तापमान ५ ते ३५ अंश लिहिलेलं असतं. दुपारी दोनला पत्र्याखाली पन्नास मिनिटं चाललं म्हणजे ते तुमच्यावर उपकार करतंय. रात्री साडेआठला तासभर आरामात जाईल. फक्त गरम हवा फेकणाऱ्या बाजूला दोन फूट मोकळं ठेवा, लॅपटॉप तिकडं ठेवू नका. वर्गात शिकवताना इको मोड लावा, लॅम्प जास्त टिकतो. यात्रेच्या रात्री नॉर्मल.

३८७० तास म्हणजे लॅम्प म्हातारा आहे, मेलेला नाही. अशा लॅम्पना बहुधा तीन ते पाच हजार तास सांगतात. यात्रेआधी बदलू नका. समजा त्या रात्री फट्ट आवाज होऊन फुटलाच, तर आत पारा असतो. पोरांना लांब करा आणि गार होईपर्यंत हात लावू नका.

डागाचं निदान तुम्हीच केलंत. निळ्या वाटेवरची पोलरायझरची, म्हणजे उजेड गाळणारी, पट्टी उन्हानं करपल्यासारखी झालीय. पांढऱ्यातून निळा वजा झाला की पिवळा उरतो. निळीच बहुतेक आधी जाते. ते काम दुकानातलं आहे, आठ दिवसांत सामान मिळायची खात्री नाही. यात्रेनंतर आणा. तोवर व्हिडिओत त्या कोपऱ्यात काही लिहिलं असेल तर खाली घ्या.

घूंऽऽ चं: लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर लावा. तरी आलाच तर तेवढा वेळ चार्जर काढा, बॅटरीवर चालवा. कोणी शहाणा "अर्थची पिन मोडा, आवाज जाईल" म्हणेल. आवाज जाईल, माणूसही जाईल. मोडू देऊ नका.

---

रीळवाला, खटाव

लाइटीचं कोणीच बोललं नाही. यात्रेत लाइट जाते. पाळण्यावाला, आइस्क्रीमवाला, रसवंती, सगळे एकाच तारेवर. आमच्या मशीनचा कार्बनच्या कांड्यांचा दिवा विझला तर कांड्या जुळवून परत पेटवत होतो, लगेच. तुमचा लॅम्प तापलेला असताना विझला तर गार झाल्याशिवाय पेटतच नाही, हे पोरानं सांगितलं. म्हणजे लाइट दोन सेकंद गेली तरी तुमची पंधरा मिनिटं गेली. आणि पंखा पण थांबतो, गरमी आतच कोंडते.

शाळेत कंप्युटरचा यूपीएस असंल. तो आणा. पोरगा म्हणतो ६०० व्हीएचा असला तर साडेतीनशे वॅटपर्यंत ओढतो, मशीन तीनशेच्या आत आहे. त्याच्यावर फक्त मशीन लावा, दुसरं काही नको.

अध्यक्षांना सांगा, पुसेगावला पिक्चर बघायला लोक ट्रकच्या टपावर चढत होते, ते पडदा मोठा होता म्हणून नव्हे.

---

घाटमाथ्यावरची बाई

यात्रा झाली, काल परत शाळा. घसा बसलाय म्हणून लिहूनच सांगते.

पडदा बारा फुटी झाला. दहा आणि वीसमध्ये तडजोड व्हायला काही अडचण नव्हती, पण अध्यक्षांना शेवटपर्यंत वाटत होतं की दोन फूट आपण कमावले. टेबलावर टेबल, वर फळी, सतरंजी हद्दपार. कीस्टोन शून्य. काळ्या कापडासाठी शिंप्याकडून परकराचं अस्तर आणलं. चौकोन असा सरळ आला की आमच्या गुरुजींनी उगाच पट्टी लावून बघितली.

किड्यांचा बल्ब लावला, पण तो नेमका उसाच्या रसवाल्याच्या डोक्यावर. त्यानं दोनदा बंद केला. तिसऱ्या वेळी एक पोरगं तिथं राखणीला बसवलं, त्यानं तासभर फुकट रस पिला.

आणि काका, लाइट गेली. नऊ वाजून काही मिनिटांनी, पाळणा सुरू झाला त्याच क्षणी. यूपीएसवर मशीन चालू, लॅपटॉप बॅटरीवर चालू, चित्र हललंसुद्धा नाही. पण ॲम्प्लिफायरचा विचार आपण तिघांपैकी कुणीच केला नव्हता. पडद्यावर तात्या नुसते ओठ हलवताहेत आणि समोर दीड-दोन हजार माणूस. अंधारात कुणीतरी ओरडलं, "तात्या, जरा मोठ्यानं!" तात्या पहिल्याच रांगेत बसले होते. उठले, पडद्याकडं पाठ केली आणि १९६३ साली मिरजेहून मद्रासची गाडी कशी धरली ते पहिल्यापासून तोंडी सांगायला लागले. तीन मिनिटांनी लाइट आली तरी बसेनात. शेवटी व्हिडिओ थांबवून ठेवला, त्यांचं झाल्यावर पुढं चालू केला. त्यामुळं संपायला दहाला पाच कमी झाले. तमाशाचा ढोलकीवाला केव्हाचा आमच्या दोरीला टेकून बघत उभा होता, त्यानं काही तक्रार केली नाही.

डाग दिसला. एका आजीच्या कपाळावर नेमका आला. लोकांना वाटलं भंडारा लावलाय.

ग्रामपंचायतीनं पोलरायझर आणि लॅम्प दोन्हीचा खर्च मंजूर केलाय. दादा, कधी आणू?

---

मिरज दुरुस्ती

मे अखेरीला आणा, शाळा उघडायच्या आत करून देतो. लॅम्प अस्सल घ्यायचा की जुळणारा, ते मशीन बघून ठरवू. येताना रिमोट आणि पॉवर केबल सोबत आणा, लोक नेमकी तीच विसरतात.

आणि मॅडम, एसटीत मांडीवर घेऊन बसा. सतरंजीत गुंडाळून आणू नका.